शेगडीची काच आणि मिस्सेची पाळी

येशू, मरिया, योसेफ

ड्रमकिल, लेट्रिम
जपमाळेच्या महिन्यातला दुसरा मंगळवार

प्रिय आणि आदरणीय असम्प्टाताईस,

धाकट्या डिम्फनाचा समुद्र ओलांडून कॉव्हेंट्रीपर्यंत पोचेल असा नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही दोघं इकडे हातीपायी धड आहोत, तुम्हीही तसेच असाल अशी आशा आहे (रोजच्या जपमाळेतला एक ‘नमो मरिया’ मी त्यासाठी वेगळा काढून ठेवते). तुझं कमरेचं नवीन हाड नीट बसलं का? डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर जरूर चाल, पण बाजारातून चालू नकोस, खर्च होतो. डेझमंड भावोजींना नमस्कार सांग. माझे गुडघे बरे आहेत, म्हणजे प्रार्थनेला टेकता येतात; उठायला मात्र मॅलकीला हाक मारावी लागते, आणि तो पेपर घडी करून येईपर्यंत माझ्या आणखी चार प्रार्थना म्हणून होतात. त्याला डॉक्टरांनी मीठ सोडायला सांगितलं आहे आणि त्याने ते माझ्यासमोर सोडलंही आहे. तू लूर्दहून पाठवलेलं पवित्र पाणी पोचलं. बाटली लहान असल्यामुळे मी त्यात आपल्या विहिरीचं थोडं मिसळलं (अर्ध्याहून कमी मिसळलं तर पावित्र्य उतरत नाही, हे मी फादर टायर्नींना विचारून घेतलं आहे), त्यामुळे आता ते नाताळपर्यंत सहज पुरेल.

पत्राला विशेष कारण नाही. मला कुणाकडून काही नको आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला निवांतपणे वाचता येईल.

तर यंदा शरद ऋतूतल्या मिस्सेची पाळी आमच्या घरी आली आहे. वर्षातून दोनदा फादर चर्च सोडून वाडीतल्या एकेका घरी येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलाची वेदी होते, मागच्या खोलीत म्हाताऱ्याकोताऱ्यांची पापं ऐकली जातात आणि नंतर साऱ्या वाडीला नाश्ता, हे तू विसरली नसशील. पण इंग्लंडात राहून माणूस काय काय विसरतं ते मी भावोजींकडे बघून ओळखून आहे, म्हणून लिहिलं. एका घराची पाळी आठ-नऊ वर्षांनी येते. मागच्या खेपेला सासूबाई होत्या. त्या विस्तवाशेजारच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या आणि मी पावाला लोणी लावत होते (लोणी जास्त लागतंय, असं त्या फादरांच्या देखत म्हणाल्या). या घरची पाळी त्यांच्या सासूच्या आणि तिच्याही सासूच्या वेळेपासून एकदाही चुकलेली नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मरणशय्येवर आता काहीतरी नवीन ऐकायला मिळेल म्हणून मी कान जवळ नेला, तर तिथंही तेच. आता त्या देवाघरी आहेत आणि फादर वेदीवरून घराचं नाव वाचतील तेव्हा प्रथमच ‘डिम्फना आणि मॅलकी गिलरेन’ असं वाचतील. मला नावाची हौस नाही. पण वाचायचंच तर नीट वाचलं जावं.

वसंतातली मिस्सा शेजारच्या अट्रॅक्टा मल्व्हीकडे झाली. तुझी शाळेच्या बाकावरची मैत्रीण म्हणून मी तिच्याबद्दल काही वावगं लिहिणार नाही. जे झालं तेवढंच लिहिते. तिच्या डब्लिनच्या मुलाने तिला नवं स्वयंपाकघर बांधून दिलंय. ओटा इतका लांब की एका टोकाला चहा केला तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत निवतो. दिवे छतात पुरलेले. आणि विस्तव नाही! फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत म्हणे, त्यामुळे घर पायाकडून तापतं, अंगात ताप चढावा तसं. मिस्सा संपली, थंडी होती, माणसं सवयीप्रमाणे हात पसरून उभं राहायला जागा शोधू लागली. पाठ शेकायला भिंत सापडेना, बघायला जाळ सापडेना, शेवटी सगळी पुरुषमंडळी फ्रिजभोवती गोल करून उभी राहिली. वर केक विकतचा. मी तीन तुकडे खाल्ले ते केवळ वाया जाऊ नये म्हणून. आणि तिची जुनी लोखंडी, काचेच्या दाराची शेगडी, जी अगदी आमच्यासारखीच, एकाच दिवशी एकाच दुकानातून दोघींनी घेतलेली (तिचा पॅकी आणि माझा मॅलकी ती ट्रॅक्टरवरून घेऊन आले आणि वाटेत दारूच्या दुकानापाशी त्या दोन शेगड्या पावसात दोन तास उभ्या होत्या), ती त्या मुलाने उचलून गवताच्या गोठ्यात फेकली. पॅकी बिचारा वर्षभरापूर्वी वारला, त्याला हे बघावं लागलं नाही. आता तिच्या कोंबड्या त्या शेगडीत अंडी घालतात. देवाने दिलेल्या वस्तूची ही किंमत!

असो. आम्ही भिंतींना रंग दिला, दारं दिली, गोठ्याची रस्त्याकडून दिसणारी एक बाजू दिली (मागची कोण बघतंय). येशूच्या पवित्र हृदयाच्या चित्रापुढचा लाल दिवा पुसला. शेगडीला काळं पॉलिश केलं, तिच्या दाराची काच ओल्या वर्तमानपत्राला राख लावून अशी लख्ख केली की विस्तव घरात येऊन बसलाय असं वाटावं. (अट्रॅक्टा काचेला फवाऱ्याची बाटली आणायची. राख फुकट मिळते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.) आणि दुसऱ्याच दिवशी मॅलकीने त्या शेगडीत ओंडका घातला. यंदा पावसाने दलदलीतून जाळायला कापून आणलेला टर्फ नीट वाळलाच नाही, म्हणून जोडीला लाकूड. ओंडका शेगडीपेक्षा दोन बोटं लांब होता. आता असा लांब ओंडका दिसला की शहाणा माणूस तो बाहेर काढतो आणि करवतीने कापतो. मॅलकी गिलरेन दाराला गुडघा लावतो. ‘कट्’ असा आवाज आला आणि काचेत खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत चीर गेली, नकाशात शॅनन नदी जाते तश्शी वळणं घेत. मी बघतेय, तो बघतोय. मग म्हणतो कसा, ‘ही आधीपासूनच असावी.’

मी जिभेवर आलेलं गिळून ओंडका बाहेर ओढला. त्या आठवड्यात मी कन्फेशन करून आले होते आणि मला ते रविवारपर्यंत टिकवायचं होतं.

चिरलेल्या काचेवर शेगडी चालत नाही, ताई. चिरेतून वारा आत घुसतो, जाळ भडकतो, संध्याकाळभराचा टर्फ चहा होईपर्यंत संपतो. आणि पश्चिमेचा वारा असला की उलटा धूर घरात. फादर धूप आणतातच, त्यात आमची भर नको. तेव्हा मी मॅलकीला म्हटलं, काचेचं माप घे आणि मॅक्पार्टलँडच्या हार्डवेअरच्या दुकानात जा. मापाची पट्टी माझ्या शिवणाच्या डब्यात होती, पण डबा मागायचा तर ‘मागच्या वेळी कुठे ठेवला होतास?’ असं मी विचारलं असतं, म्हणून त्याने काटकीने माप घेतलं. एक काटकी रुंदीची, एक उंचीची, बरोब्बर मोडून शेगडीपाशी ठेवली. कोट घालून आला, बघतो तर विस्तव मंदावलेला, आणि हाताशी दोन वाळक्या काटक्या. ताई, त्याने माप जाळलं. स्वतःच्या हाताने काढलेलं माप स्वतःच्या हाताने विस्तवात घातलं आणि वर हात शेकले. मग मीच पुठ्ठ्यावर नीट आकार कापून घेतला आणि त्याच्याबरोबर गाडीत बसले.

दुकानातला तो कानावर पेन्सिल ठेवणारा माणूस तुला आठवतो का? अजून तोच आहे, पेन्सिलही बहुधा तीच. त्याने पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘बाई, ही कंपनी बुडाल्यावर पोपसुद्धा बदलले.’ मी म्हटलं, मला कंपनी नको, काच हवी. तर साधी काच चालत नाही म्हणे, साधी काच धगीने फुटते; भट्टीची वेगळी काच असते, ती डब्लिनहून कापून यायला तीन आठवडे. मी म्हटलं, मिस्सा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी आहे. ‘मग फादरना म्हणावं, जरा पुढे ढकला.’ स्वतः वर्षाला रंगाचे दोन डबे विकणारा माणूस, आणि देवाला तारीख बदलायला सांगतो! किंमत ऐकून तर मी पुठ्ठा परत मागून घेतला. (घरखर्चाच्या वहीत मी ‘मॅलकीचे प्रयोग’ असं वेगळं खातं उघडलंय. पेट्रोल त्यात टाकलं.)

परतीच्या वाटेवर मॅलकी गप्प होता. मॅलकी गप्प असला की तो विचार करत असतो आणि मॅलकी विचार करत असला की मी जपमाळ काढते, पण माझा डोळा लागला, तिथंच घात झाला. घरी येऊन मी कोंबडी सोलत होते तेवढ्यात याने भिंतीवरून पोपसाहेबांचा आशीर्वाद उतरवला. तोच, आपल्या नन मावशीने आमच्या लग्नात रोमहून पाठवलेला, सोनेरी अक्षरांचा, इतकी वर्षं दाराच्या वर लावलेला. त्याची काच काढली, काच कापायच्या हत्याराने छाटली आणि शेगडीच्या दाराला बसवली. मी ओरडले, अरे मेल्या, दुकानदार काय म्हणाला ते ऐकलंस ना? तर म्हणतो, ‘तो साध्या काचेबद्दल बोलत होता. ही आशीर्वादाची आहे.’

आता बघ, मी अविश्वासू नाही. मला क्षणभर वाटलं, कोण जाणे. संध्याकाळी विस्तव केला, काचेतून जाळ छान दिसत होता, आम्ही जपमाळेला टेकलो. येशूच्या दुःखाची रहस्यं चालू होती. तिसऱ्या रहस्याला, काट्यांच्या मुकुटापाशी, बंदूक उडावी तसा आवाज झाला आणि पोपसाहेबांचा आशीर्वाद तुकडे तुकडे होऊन सतरंजीवर पडला. मॅलकीने क्रूसाची खूण केली आणि म्हणाला, ‘पोपसाहेबांना आपलं लग्न मुळात पसंत नसावं.’ मी म्हटलं, तुझ्या तोंडून आजवर निघालेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य. आशीर्वादाचा कागद आता काचेशिवाय लटकतोय. माझ्या नावावर काजळीचा डाग पडलाय. त्याच्या नावावर नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण मॅलकीला भाऊ आहे. यूजीन भावोजी जन्मभर नगरपालिकेत रस्त्याच्या कडेला फावड्यावर हनुवटी टेकवून उभे राहिले, त्यामुळे त्यांना लोखंडातलं सगळं कळतं. उंटावरचे शहाणे असतात, पण यांना उंटसुद्धा नगरपालिकेने दिला होता. ते आले, त्यांनी काच पकडणारे स्क्रू इतके करकचून आवळले की एक मोडला, आणि काचेच्या जागी पत्रा बसवून दिला. पत्रा कुठला? नगरपालिकेचाच, जुन्या रस्त्यावरच्या पाटीचा. पिवळ्या पाटीवर काळी गाय, पुढे गुरं आहेत म्हणून सांगणारी. मी म्हटलं, निदान चित्र आतल्या बाजूला करा. तर म्हणतात, ‘अगं वहिनी, शोभा येते.’ विस्तव पेटल्यावर पिवळा रंग फुगायला लागला, गाईला फोड आले आणि घरभर असा वास सुटला की आमचा कुत्रा उठून आपण होऊन बाहेर गेला. जन्मात पहिल्यांदा.

आणि नेमक्या त्या घटकेला दारात फादर टायर्नी. त्यांची गाडी दुरुस्तीला गेलेली, म्हणून त्यांना आणलं कुणी, तर अट्रॅक्टाने. फादर बघतायत, अट्रॅक्टा बघतेय, आणि शेगडीच्या दारात गाय धुमसतेय. फादर फार सभ्य. म्हणाले, ‘डिम्फना, घर काय छान रंगवलंय.’ आणि खोकले. मग म्हणाले की वाडीत म्हातारी माणसं आहेत, कुणाची छाती, कुणाचे सांधे, गारठ्यात आणि धुरात तासभर बसवणं बरं नव्हे. तोच ही मधाळ आवाजात, ‘फादर, माझ्याकडेच करू या ना. फरशी चोवीस तास गरम असते. डिम्फना, अगं तुला उगाच त्रास कशाला?’ त्रास! सासूबाईंच्या सासूच्या सासूपासून न चुकलेली पाळी हिला त्रास वाटते. लागोपाठ दोन मिस्सा एकाच घरात, असं या वाडीत दुष्काळातसुद्धा झालेलं नाही. मी म्हटलं, काच येतेय, अगदी वाटेत आहे. (डब्लिनहून नाहीतर कुठून तरी वाटेत असेलच की. जगात काच नेहमी कुठे ना कुठे जात असते.) फादर म्हणाले, बरं, येत्या रविवारी वेदीवरून घराचं नाव वाचायचं आहे, तोवर शेगडी झाली तर तुझं, नाही झाली तर अट्रॅक्टाचं. आणि जाताना ही बाई माझ्या शेगडीतल्या गाईकडे वळून बघून हसली. ओठ हलले नाहीत, पण मी शेजारीण आहे, मला कळतं.

म्हणजे रविवारपर्यंत काच नाही बसली तर या घरची पाळी माझ्या हातून चुकणार. पुढची आठ-नऊ वर्षांनी, तेव्हा गुडघे तरी असतील की नाही. सासूबाई वरून बघत असतील. त्यांना अशा वेळी बरोबर दिसतं. पण मी कुणापुढे हात पसरणारी नाही. देवाला काळजी. जगात काच, कंपनी, नवरा, दीर, सगळं फुटकं निघालं तरी माझी श्रद्धा धड आहे. तुम्हा दोघांना संत डिम्फना आणि सर्व संत सुखात ठेवोत, आणि तुझ्या कमरेला बळ देवोत.

तुझी, काहीही न मागणारी,
धाकटी बहीण
डिम्फना

ता. क. एक बारीकसं काम आठवलं. अट्रॅक्टाच्या गोठ्यातली ती शेगडी मी परवा पाहिली (तिने अंडी न्यायला बोलावलं होतं, विकत असती तर मी गेले नसते). तिची काच शाबूत आहे. कोंबड्यांनी रंगवली आहे, पण शाबूत, आणि आमच्या दाराला हुबेहूब. मी तिच्याकडे मागणार नाही. त्या गाईनंतर तर नाहीच. पण तू तिची बाकावरची मैत्रीण. तू तिला टेलिफोन करून सांग की कॉव्हेंट्रीत तुझ्या शेगडीची काच फुटली आहे आणि ती जुनी काच तुला हवी आहे. डिम्फना ती घेईल आणि बोटीने पाठवेल. तुझ्याकडे शेगडी नाही हे तिला माहीत नाही. हे खोटं बोलणं नव्हे. मी मॅट्रिकला धर्मशिक्षणात पहिली आले होते, म्हणून अधिकाराने सांगते: मी ती काच मृत्युपत्रात तुझ्या नावे लिहून ठेवीन, म्हणजे ती तुझीच झाली, फक्त मधल्या काळात माझ्या दारात राहील. मात्र फोन शनिवारच्या आत कर. आणि रात्री कर, स्वस्त पडतो.

ता. क. दुसरा, शनिवार. हे पत्र मॅलकीच्या कोटाच्या खिशात सापडलं. बुधवारी टपालात टाकायला दिलं होतं. त्यावर त्याने कोंबड्यांच्या दाण्याचा भाव लिहिला आहे (पाकिटाचा तो कोपरा तसा दिसेल, माफ कर). मी त्याच्यावर इतकी संतापले की हातातलं लाटणं खाली ठेवलं, उगाच पाप नको. आता सगळं संपलं, उद्या नाव तिचं वाचणार, असं म्हणून मी रडायला बसणार तेवढ्यात अट्रॅक्टा दारात. गमबूट, डोक्याला रुमाल, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाली, ‘मॅलकी म्हणाला तुला ही हवी आहे. अगं बाई, आधी नाही का सांगायचंस?’

ताई, त्याने सरळ जाऊन मागितली. दूध काढून येता येता कुंपणावरून. ज्याच्यासाठी मी एवढी पानं लिहिली, धर्मशास्त्र पणाला लावलं, तुला खोटं, म्हणजे जवळजवळ खोटं बोलायला लावणार होते, ते याने एका वाक्यात करून टाकलं, आणि वर विचारतो, ‘का, नको होतं मागायला?’ पुरुषांना स्वाभिमान नसतो म्हणून त्यांची कामं होतात.

मग तिघांनी मिळून काच बसवली. मी तिच्यावरचं कोंबड्यांचं कर्तृत्व राखेने घासून काढलं, मॅलकीने मोडका स्क्रू उकरून काढला, अट्रॅक्टाने काचेभोवतीची फट बुजवणारी, न जळणारी जुनी दोरी काढून नवी लावली (दोरीही तिनेच आणली होती, न सांगता, असल्या उदारपणाचा राग येतो). मॅलकी स्क्रू आवळायला लागला तशी ती त्याच्या हातावर चापट मारून म्हणाली, ‘थोडी ढिली ठेव रे. तापल्यावर तिलाही अंग पसरायला जागा लागते. पॅकीने पहिली काच अशीच फोडली होती.’ मग आम्ही विस्तव केला, आणि काच काही केल्या फुटेना. मी मनातल्या मनात तिसऱ्या रहस्यापर्यंत म्हटलं, तरी नाही. अट्रॅक्टा सासूबाईंच्या खुर्चीत बसली होती. चहा झाला, बिस्किटं झाली, दुसरा चहा झाला, तरी उठेना. म्हटलं, काय गं, गरम फरशी वाट बघत असेल. तर विस्तवाकडे बघतच म्हणाली, ‘पाय गरम होतात गं. पण संध्याकाळी बघायला काही नाही. त्या फरशीकडे किती बघायचं?’ मी आणखी एक टर्फ टाकला. मोठा होता. (तो तिच्या खात्यात लिहिलेला नाही.)

आता टपालाची घाई उरली नाही, तेव्हा मिस्सा होईपर्यंत पत्र ठेवून देते. एका तिकिटात दोन्ही बातम्या जातील.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. झाली! रविवारी वेदीवरून ‘डिम्फना आणि मॅलकी गिलरेन’ वाचलं गेलं, आणि शुक्रवारी सारी वाडी आमच्या स्वयंपाकघरात. मिस्सा संपल्यावर फादर अंगरखा सावरून शेगडीकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले की अशी स्वच्छ काच त्यांनी सबंध धर्मग्रामात पाहिली नाही. मी नम्रपणे खाली बघायला सुरुवात केली, तेवढ्यात अट्रॅक्टा नाश्त्याच्या थाळीवरून म्हणते, ‘ती माझी, फादर.’ आणि फादर तिला म्हणाले, देव तुझं भलं करो. काजळी मी घासली! कोंबड्यांची घाण मी घासली! आशीर्वाद तिला. आमच्या भिंतीवरचा आशीर्वाद कसा आहे तो तुला माहीतच आहे.

पण खरं लिहायचं ते पुढेच आहे. त्या दिवसापासून ही बाई रोज संध्याकाळी येते. जपमाळेला आमच्याबरोबर टेकते (मला उठायला हात देते, हे खोटं कशाला सांगू, मॅलकीपेक्षा लवकर), मग खुर्ची धरते. मॅलकी ओंडका उचलतो तर म्हणते, ‘लांब आहे तो, कापून आण,’ आणि तो मुकाट्याने कापून आणतो, मी इतकी वर्षं सांगतेय तेव्हा नाही. काल म्हणाली, ‘डिम्फना, उद्या जरा चांगला कोरडा टर्फ लाव, माझ्या काचेतून विस्तव मंद दिसतो.’ माझ्या काचेतून! माझ्या घरात बसून!

तेव्हा आता काम ऐक, आणि हे तरी कर. तिला नाताळाआधी तुझ्याकडे कॉव्हेंट्रीला बोलावून घे. बाकावरच्या आठवणी काढ, कमरेला मदत हवी म्हणून सांग, काहीही सांग. ती लगेच येईल. पण आठवड्याच्या वर ठेवून घेऊ नकोस. तिची खुर्ची रिकामी दिसली की मॅलकी तिच्यावर ओले बूट वाळत घालतो.